बापाने मुलांना रानात न्यावं

वार्षिक परीक्षा संपली की आपल्या मोहल्ल्यातल्या मुलांची सुट्टी कशी जाते, ते आपण सगळेच पाहतो. सकाळी मकतब, दुपारी मोबाइल, संध्याकाळी गल्लीत क्रिकेट, रात्री पुन्हा मोबाइल. मधे आठ दिवस नानीकडे, दोन-तीन लग्नं, चार दावती. मुलगा आठवी-नववीत असेल तर व्हेकेशन बॅच. या सगळ्या वेळापत्रकात एक माणूस कुठेच दिसत नाही, तो म्हणजे मुलांचा बाप. तो कामावर असतो, नाहीतर कामावरून येऊन थकलेला असतो. फी त्याने भरलेली असते, कपडे त्याने आणलेले असतात, पण सुट्टीत तो नसतो.

या लेखात मला एकच गोष्ट सांगायची आहे. बापाने उन्हाळ्यात निदान चार-पाच दिवस मुलांना स्वतः घेऊन बाहेर पडावं. मॉलमध्ये नाही, वॉटर पार्कमध्ये नाही, नातेवाइकांच्या घरीही नाही. डोंगरावर, समुद्रावर, रानात. शक्य असेल तर एक रात्र उघड्या आभाळाखाली काढावी. ही चैन आहे असं अनेकांना वाटतं. मला ती मुलांच्या शिक्षणाइतकीच गरजेची वाटते. आपल्या, म्हणजे मराठी मुसलमानांच्या मुलांसाठी तर जरा जास्तच.

आपले बाप असे का झाले, याची कारणं आहेत आणि ती समजून घेतली पाहिजेत. कोकणातल्या कितीतरी घरांत बाप आखातात नोकरीला. दोन वर्षांतून एकदा येणार, महिनाभर पाहुण्यासारखा राहणार, चॉकलेटं वाटून परत जाणार. मालेगाव-भिवंडीत बाप यंत्रमागावर, बारा-बारा तासांच्या पाळीत. पुण्या-मुंबईत तो गॅरेजमध्ये, रिक्षावर, फळांच्या गाडीवर किंवा माझ्यासारखा छापखान्यात. या माणसांनी मुलांवर प्रेम केलं नाही असं कोण म्हणेल? त्यांनी हाडं झिजवली. पण मुलाच्या वाट्याला बाप आला तो दोनच रूपांत, पैसे देणारा आणि रागावणारा. मुलगा मोठा झाला की तोही तसाच बाप होतो, कारण त्याने दुसरा नमुना पाहिलेलाच नसतो. हा नमुना कुणीतरी बदलायला हवा. तुमच्या-माझ्या पिढीला ते थोडंफार शक्य आहे.

मला दोन मुलगे आहेत, एक अकरा वर्षांचा, एक आठ. गेली चार वर्षं आम्ही तिघं उन्हाळ्यात बाहेर पडतो. मे महिन्यात छापखान्यात लग्नपत्रिकांची गर्दी असते, त्यामुळे लांबलचक सुट्टी मिळत नाही. रविवार आणि त्याला जोडून एखादा दिवस, एवढंच. त्यात जे जमलं ते सांगतो, म्हणजे हे किती साध्या पातळीवरून सुरू करता येतं ते कळेल.

पहिली सहल आमच्या इमारतीच्या गच्चीवर झाली. मे महिन्यात पुण्यात एक दिवस असा येतो की भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो आणि उभ्या काठीची सावली काठीच्या बुडाशी गोळा होते. याला शून्य सावलीचा दिवस म्हणतात. पुण्यात तो १३-१४ मेच्या सुमारास असतो, वेळ दुपारी साडेबाराच्या आसपास. मुंबईत दोन दिवस पुढे. मुलांनी गच्चीवर पाण्याची बाटली उभी ठेवली आणि दर पाच मिनिटांनी खडूने सावलीच्या टोकाला खूण केली. सावली आखडत आखडत नाहीशी झाली आणि मग दुसऱ्या बाजूला फुटली. मकतबमध्ये 'जवाल' हा शब्द दोघांनी पाठ केलेला होता. जवाल म्हणजे सूर्य ढळणं, त्यानंतर जुहरची वेळ सुरू होते, हे तोंडी येत होतं. ते डोळ्यांनी पाहिलं त्या दिवशी. धाकट्याने विचारलं, "म्हणजे घड्याळ नव्हतं तेव्हा असरची वेळपण सावलीवरूनच काढायचे?" हो, सावलीवरूनच. काठीच्या मानाने सावली किती लांब झाली ते पाहून. मग संध्याकाळपर्यंत दोघं गच्चीवरून खाली यायला तयार नव्हते. खर्च शून्य रुपये.

त्यानंतर सिंहगड. फजरची नमाज आटोपून पहाटेची बस धरली, आतकरवाडीतून चढायला सुरुवात केली. उन्हाळ्यात गड चढायचा तर ऊन तापायच्या आत वर पोचलं पाहिजे. धाकटा तेव्हा पाच वर्षांचा होता. तो तीनदा बसला, दोनदा रडला, पण खांद्यावर न बसता चढला. वर गेल्यावर मडक्यातलं दही, पिठलं-भाकरी, देवटाक्याचं गार पाणी. तटावरून खडकवासल्याचं पाणी दिसतं, लांबवर राजगड आणि तोरणा. उतरताना थोरला म्हणाला, "अब्बा, तुम्ही फोन घेतलाच नाही आज." मी फोन बंद करून पिशवीत टाकला होता. मुलं या गोष्टी मोजत असतात.

दुसऱ्या वर्षी अलिबागच्या बाजूला गेलो. किहीमचा किनारा बहुतेकांना भेळ आणि घोडागाडीसाठी माहीत आहे. मी मुलांना तिथे सलीम अलींसाठी नेलं. डॉ. सलीम अलींचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. आईवडील लहानपणीच गेले. मामा अमीरुद्दीन तय्यबजींनी सांभाळलं. मुलाच्या हातात छऱ्याची बंदूक होती. त्याने एक चिमणी पाडली, तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका दिसला. ही वेगळी चिमणी कोणती, असं त्याने मामांना विचारलं. मामांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवलं. तिथले मानद सचिव मिलार्ड यांनी त्या मुलाला भुसा भरलेल्या पक्ष्यांच्या पेट्या उघडून दाखवल्या. पुढचा सगळा इतिहास त्यातून घडला. पुढे १९३० मध्ये सलीम अलींनी किहीमलाच सुगरणीच्या घरट्यांचा अभ्यास केला. नर आधी अर्धंच घरटं विणतो, मादीला पसंत पडलं तर ती राहायला येते, मग तो ते पूर्ण करतो आणि पुढचं घरटं बांधायला घेतो, हे त्यांनी तासन्‌तास बसून नोंदवलं.

आम्हाला मे महिन्यात अर्थातच ताजी घरटी मिळाली नाहीत. सुगरणीची विणकामाची गडबड पावसाच्या तोंडावर सुरू होते. एका विहिरीवर झुकलेल्या झाडाला मागच्या पावसाळ्यातली वाळकी घरटी लटकत होती. एक खाली पडलेलं होतं. मुलांनी ते उलटंपालटं करून पाहिलं, आत चिकटलेला चिखल पाहिला, नळीतून हात घातला. मी त्यांना सलीम अलींची गोष्ट सांगितली तेव्हा मला त्यातला मामा जास्त महत्त्वाचा वाटत होता. मुलाने प्रश्न विचारला आणि मोठ्या माणसाने "जा खेळ" म्हटलं नाही, एवढंच ते. आपल्या घरांत असे प्रश्न रोज विचारले जातात. त्यांचं पुढे काय होतं, याचा प्रत्येकाने विचार करावा.

तिथून मुरूडला गेलो. राजपुरीच्या धक्क्यावरून शिडाच्या होडीने जंजिरा गाठला. सिद्दींचा हा किल्ला, मूळ अ‍ॅबिसिनियातून आलेल्या लोकांचा. चहूबाजूंनी खारं पाणी आणि आत गोड्या पाण्याचे तलाव. मुलं कलालबांगडी तोफेवर हात फिरवून आली. तटावरून समोर समुद्रात दुसरा किल्ला दिसतो, पद्मदुर्ग. जंजिऱ्याला शह देण्यासाठी शिवाजी महाराजांनी तो बांधला. परतीच्या होडीत थोरल्याने विचारलं, "अब्बा, आपण कुठल्या किल्ल्यातले? ह्या की त्या?"

हा प्रश्न त्याने हवेतून आणला नव्हता. वर्गात, मैदानावर, मोबाइलवर त्याला तो कुणीतरी आधीच विचारलेला होता. आपल्या प्रत्येक मुलाला तो कधी ना कधी विचारला जातो, आणि बहुतेक वेळा विचारणाऱ्याने उत्तरही स्वतःच ठरवलेलं असतं.

मी त्याला दौलतखानाची हकिगत सांगितली. १६७९ मध्ये महाराजांनी मुंबईच्या तोंडाशी खांदेरी बेटावर किल्ला बांधायला घेतला. इंग्रजांनी विरोध केला, जंजिऱ्याचा सिद्दी इंग्रजांच्या मदतीला आला. त्या वेळी मराठ्यांच्या आरमारात मायनाक भंडारी होते आणि आरमाराचा एक मोठा सरदार होता दौलतखान. म्हणजे समुद्रावर एका बाजूला मुसलमान होता, दुसऱ्या बाजूलाही मुसलमान होता. मायनाक भंडारी आणि दौलतखान एका बाजूला, सिद्दी आणि इंग्रज दुसऱ्या बाजूला. ती राज्याराज्यांमधली लढाई होती. कोण कुणाची चाकरी करतो, कुणाचं मीठ खातो, यावर बाजू ठरायची. आणखीही सांगितलं, की दापोली तालुक्यातल्या केळशीच्या बाबा याकूतांना महाराज मानत, त्यांचा दर्गा आजही तिथे आहे. तो ऐकत होता. शेवटी म्हणाला, "मग आपण दोन्हीकडचे." मी म्हटलं, दोन्ही किल्ले महाराष्ट्रात आहेत, आपणही महाराष्ट्रात आहोत, तेव्हा दोन्ही आपले.

हे उत्तर मला घरात, पलंगावर बसून देता आलं असतं का? शब्द देता आले असते. पण दोन्ही किल्ले डोळ्यांसमोर असताना, होडी हलत असताना, हाताला खारं पाणी लागत असताना ते उत्तर त्याच्यात जसं उतरलं, तसं घरी उतरलं नसतं. आपलेपणा ही भाषणाने देण्याची वस्तू नाही. जिथे पाय लागले, जिथे दमलो, जिथलं पाणी प्यायलो, ती जागा आपली वाटते. ज्या मुलाने सिंहगड पाच वर्षांचा असताना रडत रडत चढला, त्याला उद्या कुणी "हा तुमचा नाही" म्हटलं तर तो वाद घालत बसणार नाही. त्याला ते वाक्यच विचित्र वाटेल.

उलट बाजूने पाहा. आपण कुठे कुठे जायचं थांबलो आहोत? मोहल्ला, बाजार, दर्गा, नातेवाइकांची गावं, बस. "तिकडे आपली माणसं नसतात", "उगाच कुणी काही बोललं तर?" अशी कारणं देऊन आपण आपल्या मुलांचा नकाशा लहान करत चाललो आहोत. ती भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. तिसऱ्या वर्षी काजवे पाहायला जायचं ठरवलं. भंडारदऱ्याकडे तंबू भाड्याने देणाऱ्या एका ठिकाणी फोन केला. तारखा सांगितल्या, जागा आहे म्हणाले. मग नाव विचारलं. नाव सांगितल्यावर थोडी शांतता, आणि मग, "अरे, त्या तारखा फुल झाल्यात." तासाभराने माझ्या छापखान्यातल्या सहकाऱ्याने त्याच तारखांसाठी फोन केला तर जागा शिल्लक होती. थोरला शेजारीच बसलेला होता, त्याला सगळं समजलं. "आता नाही जायचं का?" एवढंच त्याने विचारलं.

त्या क्षणी फोन ठेवून "जाऊ दे, घरीच बरं" म्हणणं सोपं होतं. पण मुलगा त्यातून काय शिकला असता? एका माणसाने दार लावलं म्हणून सगळा डोंगर बंद झाला, हेच. त्याच सहकाऱ्याने, तो कोथरूडचा ब्राह्मण, त्याच्या ओळखीच्या एका आदिवासी शेतकऱ्याचा नंबर दिला. त्यांनी नाव ऐकलं, किती जण ते विचारलं, आणि "या" म्हणाले. पोचल्यावर घरातल्या आजींनी विचारलं, "पोरं कोंबडी खातात ना? तुमच्यात वेगळी कापतात म्हणं. तुम्हीच कापा बाबा, आम्ही रांधतो." मला कोंबडी कापता येत नाही हे ऐकून सगळं घर हसलं आणि आम्ही पिठलं, भाकरी, ठेचा खाल्ला. एका फोनवरची शांतता आणि आजींचं हे बोलणं, दोन्ही माझ्या मुलांनी ऐकलं. दोन्ही खरं आहे. मुलांना दोन्ही माहीत असावं. घरात बसून त्यांना पहिलंच कळलं असतं.

काजव्यांविषयी दोन शब्द, कारण तुमच्यातले अनेक जण रीळ पाहून तिकडे धावतात. मेअखेर ते पावसाची झड लागेपर्यंत, जूनच्या मध्यापर्यंत, कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याच्या परिसरात हिरडा, बेहडा, जांभूळ अशा झाडांवर काजवे लगडतात. काजवा हा भुंग्यांच्या जातीतला कीटक. अळी असताना तो ओल्या मातीत महिनोन्‌महिने राहतो, गोगलगायी खातो. पंख फुटल्यावर त्याला जेमतेम काही आठवड्यांचं आयुष्य असतं. त्या काळात नर प्रकाशाने मादीला हाक मारतो, मादी प्रकाशानेच उत्तर देते. आपण तिथे टॉर्च, गाड्यांचे दिवे, मोबाइलचे फ्लॅश घेऊन गेलो की ही हाकच ऐकू जात नाही. आम्ही टॉर्चला लाल जिलेटिनचा कागद लावला आणि झाडापासून लांब थांबलो. रात्र अमावास्येच्या जवळची निवडली होती. मुलांना चाँदरात माहीत होती, चंद्र नसलेल्या रात्रीचं मोल तिथे कळलं. एक आख्खं झाड एकदम पेटत होतं आणि एकदम विझत होतं. धाकटा, जो घरी एक मिनिट गप्प बसत नाही, अर्धा तास बोलला नाही.

ढग थोडे फाटले तेव्हा आभाळ पाहिलं. दक्षिणेला वृश्चिकाची नांगी, ईशान्येला अभिजित, पूर्वेला नुकता वर आलेला श्रवण. अभिजितला जगभर वेगा म्हणतात, तो शब्द अरबी 'वाकिअ'वरून आला, खाली झेपावणारा गरुड. श्रवणाला म्हणतात अल्टेअर, ते 'ताइर', उडणारा. अब्दुर्रहमान अल-सूफी या खगोलशास्त्रज्ञाने ९६४ च्या सुमारास ताऱ्यांवर ग्रंथ लिहिला, अशा ग्रंथांमधून ही नावं युरोपात गेली. मुलांची मकतबमधली अरबी आणि शाळेतली मराठी, दोन्ही एका ताऱ्यावर भेटल्या. आपल्या मुलाला सतत सांगितलं जातं, की तुझ्या दोन भाषांपैकी, दोन ओळखींपैकी एक निवड. आभाळात तशी सक्ती नाही, हे त्याने त्या रात्री पाहिलं.

आता बापलेकांच्या नात्याविषयी. तंबूत तिघं ओळीने झोपलो होतो. अंधार, बाहेर रातकिडे. मुलगा बापाच्या डोळ्यांत पाहून जे बोलत नाही ते अंधारात, शेजारी पडून बोलतो. थोरल्याने सांगितलं की वर्गातली दोन मुलं त्याला एका नावाने हाक मारतात. ते नाव इथे लिहीत नाही, तुम्हाला ते माहीत आहे. पाच महिने तो हे पोटात ठेवून होता. मी मधे बोललो नाही, त्याला संपवू दिलं. मग विचारलं, तुला काय व्हावंसं वाटतं? तो म्हणाला, "मारामारी नको. फक्त त्यांनी माझं नाव घ्यावं." शाळा उघडल्यावर मी वर्गशिक्षिकांना भेटलो. त्यांनी त्या मुलांशी नीट बोलून प्रकरण मिटवलं. त्यातला एक मुलगा आता आमच्या घरी येतो. हे सगळं त्या तंबूमुळे झालं. ज्या घरात बाप रात्री साडेदहाला येतो, जेवतो आणि झोपतो, तिथे मुलगा ही गोष्ट कुणाला आणि कधी सांगणार?

दुसरी गोष्ट कामाची. आमच्या सहलीत अम्मी नसते, म्हणून स्वयंपाक आम्ही करतो. थोरला स्टोव्हवर खिचडी लावतो, मी कांदा-बटाटा चिरतो, धाकटा राखेने भांडी घासतो. आपल्या घरांत दहा वर्षांच्या मुलाला पाण्याचा पेला बहीण आणून देते. हे कुणी मुद्दाम शिकवत नाही, पाहून पाहून ते अंगात मुरतं. भांडी घासणारा बाप पाहिला की तेही अंगात मुरतं. घरी आल्यावर थोरल्याने आपलं ताट स्वतः उचललं, त्याविषयी कुणी भाषण दिलं नव्हतं. आणि ते दोन दिवस मुलांच्या अम्मीला पूर्ण सुट्टी असते, ही गोष्टही छोटी नाही.

इथे प्रश्न येतो मुलींचा. मला मुलगे आहेत म्हणून मी मुलग्यांविषयी लिहितो आहे, पण रान फक्त मुलग्यांचं नाही. गेल्या वर्षी माझी बारा वर्षांची भाची बरोबर आली, तिची अम्मी, म्हणजे माझी बहीणही आली. घरातल्या मोठ्यांनी "मुलगी जात, तंबूत?" असा सूर लावला होता. बहिणीने उत्तर दिलं, "मामा आहे, मी आहे, अजून कोण पाहिजे?" चढताना भाची सगळ्यांच्या पुढे होती. ज्यांना मुली आहेत त्यांनी हा लेख वाचताना 'मुलगा' या शब्दाच्या जागी 'मुलगी' वाचावं. कारण मुलगा निदान गल्लीत तरी जातो, मुलीची सुट्टी अनेकदा चार भिंतींतच संपते.

हरकती मला ठाऊक आहेत. पहिली पैशांची. गेल्या उन्हाळ्यातल्या दोन दिवसांत आम्हा बापलेकांचा प्रवास, मुक्काम आणि जेवण धरून खर्च तीन हजारांच्या आत राहिला. पुण्याहून संगमनेर, पुढे अकोले, राजूर, सगळं एसटीने. पाच ते बारा वयाच्या मुलांना एसटीत अर्धं तिकीट असतं. एका लग्नाच्या कपड्यांत आणि आहेरात याहून जास्त जातात. दुसरी हरकत, दिवस वाया जातो, अभ्यास बुडतो. गच्चीवरची सावली, सुगरणीचं घरटं, खांदेरीची लढाई आणि अल-सूफीचे तारे, यातला कुठला अभ्यास बुडाला ते मला सांगा. तिसरी हरकत नमाजची. प्रवाशाला दीनमध्ये सवलती आहेत, कस्र आहे, पाणी नसेल तर तयम्मुम आहे. या सवलती मुलांनी पुस्तकात वाचलेल्या असतात, त्या वापरायची वेळ प्रवासातच येते.

चौथी हरकत सुरक्षिततेची, आणि ती मात्र गंभीरपणे घ्यावी. दर मे महिन्यात धरणात, खाणीत, नदीच्या डोहात मुलं बुडाल्याच्या बातम्या येतात, त्यात आपल्या वस्त्यांमधली मुलंही असतात. अनोळखी पाण्यात उतरायचंच नाही, मुलाला पोहता येत असलं तरीही. दुपारी अकरा ते चार चालायचं नाही, सावलीत थांबायचं. माणशी तीन लिटर पाणी आणि ओआरएसची पाकिटं बरोबर हवीत. गडावर आणि कड्यांवर आग्या मोहोळं असतात, धूर आणि उग्र वासाने माश्या उठतात, म्हणून त्या दिवशी अत्तर घरीच ठेवा. रानात शेकोटी पेटवायची नाही, फेब्रुवारी ते जून हा वणव्यांचा काळ असतो. अनेक गडांवर आणि अभयारण्यांत रात्रीच्या मुक्कामाला बंदी आहे, तेव्हा गावातल्या शेतकऱ्याच्या शेतात परवानगी घेऊन तंबू लावा, त्याचे पैसे त्याला द्या. आणि कचरा परत आणा. तिथे आपल्या नावाने काय मागे राहतं, तेही लोक पाहतात.

हे वाचणारे तुम्ही बहुतेक जण विशीत असाल, अजून बाप झाला नसाल. पण तुम्ही कुणाचे तरी भाईजान आहात, मामू आहात, चाचा आहात. शेजारच्या घरातला मुलगा, ज्याचा बाप कतारला आहे किंवा ज्याला बापच नाही, तो तुमच्याबरोबर येऊ शकतो. सलीम अलींना मामा होते, हे विसरू नका. आपल्या जमातींकडे, मोहल्ला कमिट्यांकडे, तरुण मंडळांकडे इफ्तारसाठी, जलशांसाठी पैसे जमतात. त्यातून दहा मुलांची एक एसटी-सहल सहज निघेल. चार तंबू विकत घेऊन मंडळात ठेवले तर वर्षानुवर्षं सगळ्या मोहल्ल्याला वापरता येतील. हिंदू मित्रांची मुलं बरोबर आली तर आणखी चांगलं, किल्ल्यावरचा तो प्रश्न मग मुलंच आपापसांत सोडवतील.

आणि जे बाप झाले आहेत त्यांना एकच विनंती. आपला मुलगा आणखी किती वर्षं आपल्याबरोबर यायला तयार आहे, याचा हिशोब करा. माझा थोरला अकराचा आहे. पंधराव्या वर्षी त्याला मित्र हवे असतील, बाप नको असेल, आणि ते योग्यच आहे. म्हणजे माझ्या हातात अजून चारेक उन्हाळे आहेत. तुमच्या हातात किती आहेत ते मोजा, आणि येत्या रविवारची पहाटेची बस बघून ठेवा.